वारशाने आलेली जुनी प्रणाली वेगवान कशी करायची: वजनकाट्यापासून कोडपर्यंत

आपल्या भागातली मुलं इंजिनिअरिंग करून पुण्या-बेंगळुरूला जावोत नाहीतर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या कंपनीत लागोत, पहिल्या आठवड्यात पुढ्यात येतो तो बहुतेक वेळा जुना कोडच. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला, नंतर पाच-सहा जणांनी हात फिरवलेला. हजारभर क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणारे कोडचे साचे), एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा निघालेला. लिहिणारे केव्हाच नोकरी सोडून गेलेले. आणि वरून सांगणं एकच: "हे फार स्लो झालंय, जरा बघ."

हा लेख त्या "जरा बघ"साठी आहे. मी सीमाभागातल्या एका साखर कारखान्याच्या, जावा या भाषेत लिहिलेल्या प्रणालीवर काम केलं, म्हणून उदाहरणं तिथली आहेत: ऊसनोंद, वजनकाटा, पंधरवड्याचं बिल. तुमच्याकडे पतसंस्था असेल, फौंड्रीचा स्टॉक असेल, दवाखाना असेल. पायऱ्या त्याच लागू पडतात.

पहिली पायरी: तक्रार जागेवर जाऊन ऐका

ऑफिसात बसून "स्लो" या शब्दाचा काहीच अर्थ लागत नाही. आम्हाला निरोप आला होता की काट्यावरचा स्क्रीन लटकतो. आमच्या मशीनवर तो चटकन उघडायचा. दोन दिवस आम्ही नेटवर्कला दोष देत बसलो. शेवटी मी कारखान्यावर गेलो आणि संध्याकाळच्या पाळीत काट्याच्या केबिनमध्ये एक स्टूल घेऊन बसलो.

बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग. ऊस तोडल्यापासून वाळायला लागतो, त्याचं वजन घटतं आणि साखरेचा उताराही घटतो. म्हणजे आमच्या स्क्रीनला लागणारा वेळ रांगेतल्या प्रत्येक गाडीच्या वजनातून जात होता. हे डोळ्यांनी बघितल्यावर कामाकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

काट्यावरच्या मामांनी एका वाक्यात आमचा आठवडा वाचवला. "सर, सगळ्यांना नाही होत हे. ठरावीक नावं हायत, ती टाकली की मशीन बसतंयच बघा." मी ती नावं लिहून घेतली. सगळी मोठ्या एकत्र कुटुंबांची, वर्षानुवर्षं ऊस घालणारी खाती निघाली.

तेव्हा वापरणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: नेमकं कोणतं काम, कोणत्या वेळी आणि कोणत्या नावाला किंवा नोंदीला. चौथी गोष्ट तो स्वतःहून सांगतो, तीच बहुतेक वेळा कामाची असते.

दुसरी पायरी: आजचा आकडा लिहून ठेवा

कोडला हात लावण्याआधी मोजा. एखादं काम शंभर वेळा झालं तर त्यातली ९५ किती वेळात उरकतात, हे बघा. सरासरीवर विसंबू नका. आमच्याकडे छोट्या शेतकऱ्यांची संख्या इतकी मोठी होती की सरासरी एक सेकंदाच्या आतच दिसायची, आणि मोठ्या खात्यांचे बारा-बारा सेकंद तिच्यात बुडून जायचे.

जावा सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं मंद असते, कारण वारंवार चालणारा कोड ती चालता-चालता यंत्रभाषेत उतरवत असते. ती मिनिटं सोडून द्या आणि मग मोजायला लागा.

किती वेगवान झालं म्हणजे पुरे, हेही आत्ताच ठरवा. आम्ही ठरवलं होतं: नाव टाकल्यापासून दोन सेकंदांत पावतीचा स्क्रीन तयार, कुठल्याही खात्याला.

तिसरी पायरी: खऱ्या आकाराची माहिती मिळवा

आमच्या टेस्ट डेटाबेसमध्ये प्रत्येक शेतकऱ्याच्या दोन-दोन पावत्या होत्या. अशा माहितीवर सगळंच पळतं. खऱ्या डेटाबेसची प्रत मागा, पण ती हातात येण्याआधीच नावं, बँक खाती आणि आधार क्रमांक बदलून घ्या. नावं बदलताना एक काळजी घ्या: मराठी नावाच्या जागी मराठीच आणि कन्नड नावाच्या जागी कन्नडच नाव टाका. सगळीकडे इंग्रजी अक्षरं भरलीत तर पुढे सांगितलेल्या दोन अडचणी तुम्हाला कधीच दिसणार नाहीत.

चौथी पायरी: वेळ कुठे जातो ते यंत्राला विचारा

नवखी माणसं इथेच चुकतात. मीही चुकलो. कपातींची आकडेमोड करणारा चार हजार ओळींचा एक क्लास होता, वाचवत नव्हता इतका गुंतागुंतीचा. दोष यातच असणार असं धरून मी तो आठवडाभर साफ करत बसलो. नंतर मोजलं तेव्हा कळलं की एकूण वेळातला शंभरातला एक भागही तिथे जात नव्हता. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम हेच सांगतो: जो भाग एकूण वेळातले दोन टक्के खातो, तो अगदी शून्यावर आणला तरी तुमची कमाई दोन टक्क्यांचीच. कोड दिसायला वाईट असणं आणि मंद असणं यांचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही.

जावाबरोबर फ्लाइट रेकॉर्डर मिळतो, म्हणजे चालू प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते नोंदवणारं साधन. तो जावा ११ पासून खुला झाला, आणि जुन्या प्रणाली ज्यावर अडकलेल्या असतात त्या जावा ८ मध्येही ८यू२६२ या २०२० च्या आवृत्तीपासून आहे. त्याचा भार इतका कमी असतो की चालू प्रणालीवरही लावता येतो. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या, ते मिशन कंट्रोल या बघण्याच्या साधनात उघडा आणि कोणती मेथड (क्लासमधला एक काम करणारा कोडचा तुकडा) सर्वात जास्त वेळा सापडते ते बघा.

मात्र त्याची एक मर्यादा आधीच माहीत करून घ्या. नेटवर्कवरून उत्तराची वाट बघण्याच्या घटना तो नोंदवतो, पण आमच्याकडच्या जावात, नेहमीच्या मांडणीत, २० मिलिसेकंदांहून लांबलेल्याच. आमचा डेटाबेस एका प्रश्नाचं (क्वेरीचं) उत्तर साधारण ८ मिलिसेकंदांत द्यायचा. असे हजारभर प्रश्न गेले तरी त्या यादीत एकही दिसेना, प्रोसेसर तर मोकळाच दिसत होता, आणि तरी स्क्रीन अडकलेला.

अशा वेळी थ्रेड डंप घ्यायचा. जेस्टॅक नावाचं छोटं साधन त्या क्षणी प्रत्येक थ्रेड (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) कुठल्या ओळीवर उभा आहे ते लिहून देतं. मामांना सांगून मी त्यातलं एक मोठं नाव टाकायला लावलं आणि तीन-तीन सेकंदांनी तीन डंप घेतले. तिन्हींत तोच थ्रेड, तोच साचा. सगळ्यात वर सॉकेटमधून, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीतून, वाचन. त्याखाली डेटाबेसचा ड्रायव्हर. त्याखाली हायबरनेट (डेटाबेसमधल्या नोंदींचे ऑब्जेक्ट, म्हणजे क्लासच्या साच्यातल्या प्रत्यक्ष नोंदी, बनवणारी लायब्ररी), एक यादी भरत असलेलं. त्याखाली शेतकरी क्लासची टूस्ट्रिंग मेथड, म्हणजे ऑब्जेक्टचा मजकूर करून देणारी. आणि तिच्याखाली काटा स्क्रीनमधली लॉग (प्रोग्रामची नोंदवही) लिहिणारी एक ओळ.

त्या ओळीत "शेतकरी निवडला:" या मजकुराला अधिकचं चिन्ह लावून अख्खा शेतकरी ऑब्जेक्ट जोडला होता. डीबग लॉग बंद होता, पण मजकूर जोडण्याचं काम लॉग बंद आहे की चालू हे बघण्याआधीच होतं. मजकूर जोडायचा म्हणून टूस्ट्रिंग चालायची. ती आयडीईने (कोड लिहिण्याच्या साधनाने) तयार करून दिलेली, त्यामुळे सगळी फील्ड छापणारी. छापायला गटांची (शेताच्या तुकड्यांची) यादी लागे, म्हणून हायबरनेट ती डेटाबेसमधून आणे. प्रत्येक गटाची टूस्ट्रिंग त्याच्या पावत्या मागे, प्रत्येक पावती आपल्या कपाती मागे. तीन गट, बारा हंगाम, म्हणजे ३६ गटनोंदी. प्रत्येकीच्या चाळीसेक पावत्या धरल्या तर १४४०. एक प्रश्न शेतकऱ्याचा, एक गटांच्या यादीचा, ३६ पावत्यांचे, १४४० कपातींचे: एकूण १४७८ प्रश्न. प्रत्येकी ८ मिलिसेकंद धरले की जवळपास १२ सेकंद होतात. इतकं करून तयार झालेला मजकूर कुठेही छापला न जाता फेकून दिला जायचा.

दुरुस्ती एका ओळीची होती. मजकूर जोडण्याऐवजी लॉगरची महिरपी कंसांची पद्धत वापरली आणि त्यात फक्त खातेक्रमांक दिला. पुढच्या दिवशी टूस्ट्रिंगमधून सगळ्या याद्या काढून टाकल्या, म्हणजे उद्या कुणी तशीच ओळ लिहिली तरी हा प्रकार पुन्हा होणार नाही.

ऑब्जेक्टवर आधारलेल्या जुन्या कोडमधला हा सगळ्यात नेहमीचा रोग आहे. मेथडचं नाव निरुपद्रवी असतं, टूस्ट्रिंग, गेट, इक्वल्स, आणि तिच्या पोटात डेटाबेस दडलेला असतो. नुसत्या वाचनाने तो सापडत नाही. स्क्रीन एकदा चालवताना किती प्रश्न डेटाबेसकडे गेले ते मोजायची सवयच लावून घ्या. एका स्क्रीनला दहा-वीस ठीक. संख्या माहितीबरोबर वाढत असेल तर तिथे थांबून खणायचं.

पाचवी पायरी: बदलाआधी जुनी उत्तरं साठवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती गाळाल तर बाकीचं काही करू नका. बिल म्हणजे शेतकऱ्याचे पैसे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. बिल लवकर निघायला हवं हे खरंच, पण चुकीचं निघालं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

मागच्या हंगामाचे दोन-तीन पंधरवडे घ्या, जुन्या कोडवर बिलं काढा आणि फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक बदलानंतर तीच बिलं नव्या कोडवर काढून पैशाला पैसा ताडून बघा. जुनं उत्तर तुम्हाला चुकीचं वाटलं तरी वेगाच्या कामात ते दुरुस्त करू नका. तो वेगळा विषय, वेगळ्या दिवशी, हिशेब विभागाला विचारून.

वेग वाढवण्याच्या नादात बिगडेसिमल (दशांश अचूक ठेवणारा आकड्याचा प्रकार) काढून डबल (वेगवान, पण दशांशात अंदाजे) वापरायचा मोह होईल. पैशाच्या हिशेबात तो मोह आवरा. तसंच, प्रत्येक पावतीवर रुपयात पूर्ण करायचं की शेवटी बेरजेवर, हा क्रम आहे तसाच राहू द्या. एका बिलात चार-आठ आण्यांचा फरक पडतो, पण तो हजारो बिलांत पडतो.

सहावी पायरी: एका वेळी एकच बदल

डेटाबेसशी होणारी जास्तीची बडबड आधी कमी करा, सर्वाधिक कमाई तिथेच असते. लागणाऱ्या याद्या एका प्रश्नात एकत्र मागवा, न लागणाऱ्या मागवूच नका. इंडेक्स (डेटाबेसमधली शोधायची सूची) आहे का बघा. इंडेक्स असूनही कामी येत नसेल तर अट वाचा: कॉलमवर फंक्शन लावलं असेल किंवा शोध मधल्या अक्षरांवर असेल तर साधा इंडेक्स निरुपयोगी ठरतो.

त्यानंतर आमच्या भागाची खास अडचण, भाषेची. आमच्या प्रणालीत जुनी कन्नड नावं नुडीच्या फॉन्टमध्ये होती, मराठी नावं श्रीलिपीत (दोन्ही जुन्या पद्धतीचे फॉन्ट), आणि नंतरची युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामाईक पद्धतीत. गावनिहाय यादी काढताना प्रत्येक जुनं नाव जागेवर युनिकोडमध्ये बदललं जायचं. बदलणाऱ्या मेथडमध्ये एकाखाली एक दोनशे रिप्लेसऑल (मजकुरात शोधून बदलणारी मेथड). रिप्लेसऑल प्रत्येक वेळी आपला पॅटर्न, म्हणजे काय शोधायचं त्याचा साचा, नव्याने तयार करते. पाच हजार नावांची यादी म्हणजे दहा लाख पॅटर्न. फ्लाइट रेकॉर्डरमध्ये हे लख्ख दिसलं, कारण इथे प्रोसेसरच राबत होता.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे पॅटर्न एकदाच तयार करून स्टॅटिक (सगळ्यांना मिळून एकच) ठेवले. त्यांचा क्रम मात्र तसूभरही हलवला नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते, आणि ते सगळं त्या क्रमावर उभं होतं. मग हंगाम संपल्यावर सगळी नावं कायमची युनिकोडमध्ये करून घेतली आणि ती मेथडच काढून टाकली. त्याच वेळी एक बारीक गोष्ट सापडली: मराठीतला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एका अक्षराने किंवा र ला नुक्ता जोडून. दिसायला दोन्ही एकच, पण तुलनेत वेगळे. म्हणून प्रत्येक शोधात दोन्ही बाजू सारख्या करून घेणारा कोड होता. साठवतानाच एकसारखं करून घेतलं की शोधताना ते काम उरत नाही.

अकारविल्हे लावण्यातही असंच होतं. कन्नड आणि मराठी नावं नीट लागावीत म्हणून कोलेटर (भाषेच्या वर्णक्रमाने तुलना करणारा) वापरला होता, तो योग्यच. पण तो तुलना करणाऱ्या मेथडच्या आत दरवेळी नव्याने मागवला जायचा, आणि पाच हजार नावं लावायला साठेक हजार तुलना होतात. प्रत्येक नावाची कोलेशन की (क्रमासाठीची तयार किल्ली) एकदाच काढून ठेवली आणि त्या किल्ल्यांवर क्रम लावला. क्रम तोच आला, वेळ कुठल्या कुठे गेला.

चुकीची यादी वापरणं हा आणखी एक नेहमीचा प्रकार. ॲरेलिस्टमध्ये "ही पावती आहे का" असं लूपमधून विचारलं की वीस हजार पावत्यांना निम्मी-निम्मी यादी चालली तरी वीस कोटी तुलना होतात. हॅशसेट (अख्खी यादी न चाळता थेट शोधणारा संच) घेतला की प्रश्न मिटतो, पण आधी इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे का ते ठरवणारी मेथड) आणि हॅशकोड (शोधायची जागा ठरवणारा आकडा) दोन्ही बघा. वारसा लांब असेल तर मधल्याच एखाद्या क्लासने इक्वल्स बदललेलं असतं आणि हॅशकोड तसाच सोडलेला असतो. मग असलेली पावती नाही म्हणून सांगितली जाते.

लॉकचं (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाचं) थोडक्यात सांगतो. तीन काटे एकाच पावती क्रमांकासाठी थांबत असतील तर लॉकच्या आत नेमकं काय चाललंय ते वाचा. आमच्याकडे आत प्रिंटरला मजकूर पाठवला जात होता. क्रमांक घ्या, लॉक सोडा, मग छापा.

आता वारशाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे घाई महागात पडते. आमचा काटापावती क्लास सात पिढ्या खोल होता. सर्वात वरच्या मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) प्रत्येक ऑब्जेक्टसाठी नवा सिंपलडेटफॉरमॅट (तारखेचा मजकूर करणारा) तयार व्हायचा. लाखभर पावत्या वाचल्या की लाखभर फॉरमॅट. आमच्याकडच्या एका नवीन मुलाने तो स्टॅटिक करून टाकला. त्याच्या मशीनवर सुंदर चाललं. मी पुनरावलोकनात ते थांबवलं, कारण सिंपलडेटफॉरमॅट एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरायला सुरक्षित नाही. तीन काटे एकदम चालू झाले असते तर एका गाडीची तारीख दुसऱ्या पावतीवर गेली असती, कुठलाही एरर न येता. आधी लिहिणाऱ्याने ते मुद्दाम तसं केलं होतं. जावा ८ मध्ये आलेला डेटटाइमफॉरमॅटर न बदलणारा आणि सुरक्षित आहे. तो एकच सगळ्यांना पुरतो, आणि आम्ही तोच घेतला.

वडिलोपार्जित शेतात उतरताना आपण आधी उतारा बघतो, बांध कुणाचा, पाटाचं पाणी कुठून येतं हे घरच्या मोठ्यांना विचारतो. मूळ क्लास बदलण्याआधी तेच करायचं. त्याची सगळी मुलं आयडीईमधून काढा, कुणी कोणती मेथड बदलली आहे ते कागदावर मांडा, गिटच्या (कोडमधले बदल साठवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात ती ओळ कधी आणि कोणत्या कारणाने आली ते वाचा. कारण सापडलं नाही तर मूळ क्लासला हात न लावता ज्या एका ठिकाणी त्रास आहे तिथेच वेगळी वाट काढा. पावत्यांच्या यादीसाठी आम्ही सात पिढ्यांचा ऑब्जेक्ट तयार करणंच सोडलं. लागणारे पाच रकाने थेट एका साध्या छोट्या क्लासमध्ये वाचले.

सातवी पायरी: कॅश शेवटी

सगळे आधी कॅशकडे, म्हणजे एकदा आणलेली माहिती जवळ साठवून ठेवण्याकडे, धावतात. तिला शेवटी हात लावा. कॅशने मंद कोड झाकला जातो आणि नव्या चुका जन्माला येतात. गावांची यादी, वाहनांचे प्रकार अशा क्वचित बदलणाऱ्या गोष्टी खुशाल ठेवा. दर ठेवताना शंभरदा विचार करा. दर बदलला आणि एका सर्व्हरच्या कॅशमध्ये जुनाच राहिला, तर एकाच दिवशी दोन शेतकऱ्यांना दोन दरांनी बिल जाईल.

आठवी पायरी: हंगाम बघून चढवा

गळीत हंगाम चालू असताना फक्त लॉगच्या ओळीसारखे छोटे, लगेच मागे घेता येणारे बदल. तेही एका काट्यावर आधी, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांवर. मूळ क्लास, डेटाबेसची रचना, नावांचं युनिकोड हे सगळं गाळप थांबल्यावर. पतसंस्थेत हाच नियम मार्चअखेरीला लावा. चढवल्यावर दुसऱ्या पायरीतले आकडे पुन्हा मोजा, आणि काट्यावर पुन्हा एकदा जाऊन बसा.

नववी पायरी: मागून येणाऱ्यासाठी टिपण

प्रत्येक बदलामागे चार ओळी लिहा: काय मंद होतं, कसं मोजलं, काय बदललं, कशाला हात लावला नाही आणि का. कमिटमध्ये (गिटमध्ये बदल साठवतानाच्या टिपणात) लिहा, आणि जिथे कुणी पुन्हा चुकेल तिथे कोडमध्येही. आमच्या शेतकरी क्लासच्या टूस्ट्रिंगवर आता मराठीत एक टिपण आहे: "इथे याद्या जोडू नका. मोठ्या खात्यांना १४७८ प्रश्न जातात आणि काट्यावर गाड्या थांबतात."